ॲस्टनचे चौघे : ब्लॅक सॅबथ घडण्याआधीची कहाणी

#इतिहासधागा

१/ साल १९६५. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहर. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारखान्यात १७ वर्षांचा एक मुलगा नोकरीचा अखेरचा दिवस भरत होता. जर्मनीच्या दौऱ्यावर निघालेल्या एका बँडमध्ये त्याला गिटारवादक म्हणून जागा मिळाली होती. दुपारी जेवायला घरी आल्यावर त्याने आईला सांगितले, की आता परत जाणार नाही. हाती घेतलेले काम नीट पुरे करूनच सोडावे, असे आईने बजावले. मुलगा परत गेला.

२/ एरवी तो वेल्डिंगचे काम करी. त्या दिवशी पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर नेहमी काम करणारी व्यक्ती आली नव्हती, म्हणून त्याला तिथे उभे केले गेले. यंत्र खाली आले आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे शेंडे कापले गेले. मुलगा डावखुरा होता. म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका हाच.

३/ त्या मुलाचे नाव टोनी आयोमी. पुढे पाच वर्षांच्या आत त्याने आणि त्याच्याच मोहल्ल्यातील तिघांनी जे संगीत घडवले, त्याला जग आज ‘हेवी मेटल’ म्हणते. बँडचे नाव ब्लॅक सॅबथ. या बँडची कीर्ती, वाद आणि व्यसने यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या धाग्यात त्याआधीचा काळ आहे. हे चौघे कोण होते, कोणत्या घरांतून आले, आणि एकत्र येण्यापूर्वी प्रत्येकाच्या कानावर कोणते संगीत पडले होते?

४/ प्रथम गाव. ॲस्टन हा बर्मिंगहॅमचा कामगार भाग. ‘हजार धंद्यांचे शहर’ अशी बर्मिंगहॅमची जुनी ख्याती : बंदुका, पेनांच्या निबा, बटणे, सायकली, मोटारींचे सुटे भाग. ॲस्टनमध्ये एचपी सॉसचा कारखाना होता, ॲन्सेल्सची बिअर गाळण्याची भट्टी होती, आणि ॲस्टन व्हिला या फुटबॉल संघाचे व्हिला पार्क मैदान होते. त्यांच्या मधोमध विटांच्या घरांच्या एकसारख्या रांगा.

५/ दुसऱ्या महायुद्धात शस्त्रनिर्मितीमुळे हे शहर जर्मन विमानांचे लक्ष्य झाले होते. चौघांचाही जन्म युद्धानंतरच्या तीन-चार वर्षांतला : आयोमी आणि बिल वॉर्ड १९४८चे, ऑझी ऑस्बोर्न १९४८च्या डिसेंबरातला, गीझर बटलर १९४९चा. बाँबने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा हीच त्यांच्या पिढीची क्रीडांगणे. ब्रिटनमधील रेशनिंग पूर्णपणे उठले ते १९५४मध्ये, म्हणजे ही मुले शाळेत जाऊ लागल्यावर.

६/ पंधराव्या वर्षी शाळा सोडायची आणि वडील, काका, मोठा भाऊ जिथे जातात त्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरायचे, हा या मुलांपुढचा आखलेला मार्ग. संगीत हा त्या मार्गावरून बाजूला होण्याच्या मोजक्या वाटांपैकी एक होता. दुसरी वाट फुटबॉलची, तिसरी सैन्याची. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली, तर पुढची धडपड हौस म्हणून नव्हे, सुटका म्हणून दिसू लागते.

७/ पहिला : टोनी आयोमी. इटालियन वंशाचे कुटुंब, आईवडिलांचे ॲस्टनमध्ये छोटे दुकान. वडील आणि काकामंडळी अकॉर्डियन वाजवीत. टोनीला हवे होते ड्रम. पण घरात ड्रमचा गोंगाट कोण सोसणार? त्यामुळे त्याच्या गळ्यात पडले अकॉर्डियन. त्याचे पहिले वाद्य तेच. पुढे गिटार हाती आली ती ‘द शॅडोज’ या वाद्यसंगीताच्या बँडमुळे, विशेषतः त्यांच्या हँक मार्व्हिनमुळे.

८/ ही बाब किरकोळ वाटली तरी महत्त्वाची आहे. शॅडोजच्या बहुतेक गाजलेल्या रचनांत गाणारा नसतो, गिटारच गाते. त्यांच्यावर वाढलेल्या मुलाला सवय लागते ती स्वतःच्या पायावर उभी राहणारी, ऐकताच लक्षात बसणारी धून रचण्याची. पुढे आयोमीची ओळख ठरलेली ‘रिफ’, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ठसठशीत स्वरावली, तिचे एक मूळ इथे आहे.

९/ आता अपघाताकडे परत येऊ. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले होते. निराश आयोमीकडे कारखान्यातील वरिष्ठ एक तबकडी घेऊन आला. वादक होता जँगो राइनहार्ट, युरोपीय जॅझमधील थोर गिटारवादक. भटक्या रोमानी समाजातील या कलावंताच्या घरगाडीला १९२८मध्ये आग लागली, आणि डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. ऐकलेले वादन प्रामुख्याने दोन बोटांचे आहे, हे कळल्यावर आयोमीने पुन्हा गिटार उचलली.

१०/ मग सुरू झाली कारागिरी. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाची प्लॅस्टिकची बाटली त्याने वितळवली, तिचे गोळे करून शिंप्याच्या अंगुस्तान्यासारख्या टोप्या घडवल्या, घासून बोटांच्या मापाच्या केल्या. प्लॅस्टिक तारेवरून घसरे. म्हणून जुन्या जाकिटाचे चामडे कापून त्यावर चिकटवले. कारखान्याने जे हिरावून घेतले, ते कारखान्यात शिकलेल्या हाताने असे पुन्हा उभे केले.

११/ तरीही दोन अडचणी उरल्या. टोपीखाली तारेचा स्पर्श कळत नाही, आणि जाड तारा दाबताना बोटे दुखतात. त्या काळी गिटारच्या पातळ तारा सहजी मिळत नसत. म्हणून त्याने बँजोच्या तारा लावल्या. पुढे तारांचा ताण आणखी कमी करण्यासाठी तो त्या उतरवून लावू लागला. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तिसऱ्या अल्बममधील काही गाण्यांत त्याची गिटार नेहमीच्या स्वरापेक्षा तीन अर्धस्वर खाली लावलेली आहे.

१२/ परिणाम? आवाज अधिक खर्जातला, जाड आणि जड झाला. अवघड, पसरट स्वरमेळ वाजवणे बोटांना त्रासाचे होते, म्हणून दोन-तीन तारांचे साधे पण दणकट स्वरमेळ पुढे आले. आज जगभरचे मेटल वादक जे शैली म्हणून करतात, त्याचा एक मोठा भाग एका जखमी कामगाराने वेदना टाळण्यासाठी शोधलेला उपाय आहे.

१३/ दुसरा : बिल वॉर्ड, ड्रमवादक. याच्या घरी अमेरिकन बिग बँड संगीत वाजे. त्याची दैवते रॉकमधली नव्हती. जीन क्रूपा आणि बडी रिच हे जॅझचे ड्रमवादक होते. जॅझच्या तालाला एक झोका असतो, ठोके घड्याळासारखे समान अंतरावर पडत नाहीत. सॅबथच्या पहिल्या काळातील ‘विकेड वर्ल्ड’ या गाण्याची सुरुवात ऐकली, तर हा झोका तत्काळ जाणवतो.

१४/ वॉर्ड आणि आयोमी हे आधीपासूनचे सोबती. ‘द रेस्ट’ या बँडमध्ये दोघे एकत्र होते. मग उत्तरेकडील कार्लाइल शहरातील ‘मिथॉलॉजी’ या बँडमध्ये दोघेही गेले. तिथे ब्लूजच्या अंगाने वाजवणे, गावोगावच्या नृत्यगृहांत रात्री गाजवणे हे अनुभव मिळाले. १९६८मध्ये गांजा बाळगल्याच्या प्रकरणात पोलिसांची धाड पडली. बँड मोडला, आणि दोघे बर्मिंगहॅमला परतले.

१५/ तिसरा : टेरेन्स बटलर, ऊर्फ गीझर. आईवडील डब्लिनहून आलेले आयरिश कॅथलिक, घरात सात भावंडे, त्यांत हा सर्वांत धाकटा. बालपणी त्याला धर्मगुरू व्हायचे होते. पोरवयातच तो शाकाहारी झाला, आणि मांसाहार हा जेथे आठवड्याच्या कमाईचा मान होता त्या भागात ही गोष्ट विचित्र समजली जाई. शाळेनंतर तो एका कचेरीत हिशेबाचे काम शिकू लागला. चौघांमध्ये सर्वांत जास्त वाचणारा हाच.

१६/ गीझर मुळात बास वाजवीत नसे. ‘रेअर ब्रीड’ या त्याच्या बँडमध्ये तो साथीची गिटार वाजवी. नव्या बँडमध्ये आयोमीला दुसरा गिटारवादक नको होता, म्हणून तो बासकडे वळला. बास विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा सुरुवातीला त्याने स्वतःच्या गिटारच्याच तारा खाली उतरवून काम भागवले. त्याचा आदर्श होता ‘क्रीम’ या बँडचा जॅक ब्रूस, जो बासवर केवळ आधारस्वर न धरता स्वतंत्र धून वाजवी.

१७/ त्यामुळे सॅबथमध्ये एक वेगळी गोष्ट घडली. बास गिटारच्या मागे चालत नाही, ती गिटारच्या खांद्याला खांदा लावून तीच रिफ वाजवते, तारा ओढते, वळवते. चारच माणसांचा बँड एवढा भरीव का वाटतो, याचे उत्तर इथे सापडते. ‘एन.आय.बी.’ या गाण्याच्या आधी तर बासचे एकटीचे वादनच आहे. बँडची बहुतेक गीते लिहिली तीही गीझरनेच.

१८/ चौथा : जॉन मायकेल ऑस्बोर्न, शाळेत पडलेले नाव ऑझी. सहा भावंडांतील चौथा, घर दोन खोल्यांच्या झोपण्याच्या सोयीचे. वडील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत टूलमेकर, बहुतेक रात्रपाळीला. आई लूकस या मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. ऑझीला वाचनदोष होता. त्या काळी शाळांत तो ओळखला जात नसे, मुलाला ‘ढ’ ठरवून मोकळे होत. शाळेतल्या गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांत मात्र तो रमला.

१९/ व्हिला पार्कवर सामना असला की आसपासच्या गल्ल्यांत उभ्या केलेल्या मोटारींची ‘राखण’ करून चार पैसे मिळवणे, हा त्याचा बालपणीचा उद्योग. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. नळकारागिराकडे उमेदवारी, कसाईखान्यात काम, आणि लूकसमध्ये आईच्याच कंपनीत मोटारींचे भोंगे तपासून स्वर जुळवण्याचे काम. दिवसभर भोंगेच भोंगे. एका अर्थी संगीतक्षेत्रातील ही त्याची पहिली नोकरी!

२०/ १९६३मध्ये रेडिओवर बीटल्सचे ‘शी लव्ह्ज यू’ ऐकले आणि आपल्याला हेच करायचे आहे हे त्याने ठरवले. पण मार्ग सरळ नव्हता. सतराव्या वर्षाच्या सुमारास कपड्यांच्या दुकानातील चोरीत तो पकडला गेला. दंड भरून सुटता आले असते, पण मुलाला धडा मिळावा म्हणून वडिलांनी दंड भरला नाही. विन्सन ग्रीन तुरुंगात त्याने सुमारे सहा आठवडे काढले. बोटांवर सुईने गोंदलेली ‘ऑझी’ ही अक्षरेही याच काळातली ओळख.

२१/ त्याच वडिलांनी पुढे कर्ज काढून मुलाला ध्वनिक्षेपक संच घेऊन दिला. कामगाराच्या मिळकतीत हा मोठा खर्च होता. पण बर्मिंगहॅमच्या बँडविश्वात ज्याच्याकडे स्वतःचा ध्वनिक्षेपक, त्याला बँड मिळतोच, असा व्यवहार होता. ऑझीने वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली : ‘ऑझी झिग’ला काम हवे आहे, स्वतःचा ध्वनिक्षेपक आहे. हेवी मेटलच्या इतिहासात आयोमीच्या आईची शिस्त आणि ऑझीच्या वडिलांचे कर्ज, दोन्हींची नोंद हवी.

२२/ चिठ्ठी पाहून आधी आला गीझर. ऑझी काही दिवस ‘रेअर ब्रीड’मध्ये गायला, पण तो बँड टिकला नाही. मग तीच वाट धरून आले आयोमी आणि वॉर्ड. आयोमीला शंका होती. शाळेत त्याच्या खालच्या वर्गात एक ऑझी होता, आणि त्याला गाता येत नाही अशी आयोमीची पक्की समजूत होती. दार उघडले, तर समोर तोच! बर्चफील्ड रोडच्या शाळेत आयोमीने त्याला त्रासही दिला होता. तरीही बोलणे पुढे सरकले.

२३/ १९६८च्या उन्हाळ्यात सहा जणांचा ‘पोल्का टल्क ब्लूज बँड’ उभा राहिला. हे चौघे, शिवाय एक स्लाइड गिटारवादक आणि एक सॅक्सोफोनवादक. लवकरच ते दोघे गेले, उरले चार. नाव बदलून झाले ‘अर्थ’. संगीत होते ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या गाण्याचे. शॅडोज, बिग बँड, क्रीम आणि बीटल्स अशा चार दिशांनी आलेल्या चौघांना एकत्र बसवणारी सामाईक भाषा ब्लूज हीच होती.

२४/ या टप्प्यावर बँड मोडण्याचाच प्रसंग आला. १९६८च्या डिसेंबरात आयोमीला ‘जेथ्रो टल’ या प्रसिद्धीच्या वाटेवर असलेल्या बँडने बोलावले. रोलिंग स्टोन्सच्या ‘रॉक अँड रोल सर्कस’ या चित्रित कार्यक्रमात तो त्यांच्यासोबत दिसतोही. पण तिथे त्याचे मन रमले नाही, आणि तो ॲस्टनला परतला. येताना एक गोष्ट घेऊन आला : टलच्या इयन अँडरसनची शिस्त. त्यानंतर सकाळी नऊला तालीम ठरली, कारखान्याच्या पाळीसारखी.

२५/ शहरातील संगीतविश्वाचाही यात वाटा आहे. जिम सिम्पसन हा जॅझचा ट्रम्पेटवादक स्टेशन स्ट्रीटवरील ‘द क्राउन’ या पबच्या वरच्या मजल्यावर ‘हेन्रीज ब्लूजहाउस’ नावाचा क्लब चालवी. ‘अर्थ’ला तिथे वाव मिळाला आणि सिम्पसन त्यांचा व्यवस्थापक झाला. जर्मनीतील हँबुर्गच्या स्टार क्लबमध्ये, जेथे आधी बीटल्स घडले, तेथे यांनीही दिवसाला अनेक खेळ केले. लोक गप्पा मारत बसतात म्हणून आवाज वाढवत नेल्याच्या आठवणी या काळातल्याच.

२६/ नवे नाव मिळाले ते चित्रपटगृहाच्या पाटीवरून. तालमीच्या जागेसमोरच्या चित्रपटगृहात इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हा याचा १९६३चा भयपट लागला होता, इंग्रजी नाव ‘ब्लॅक सॅबथ’. पैसे देऊन घाबरायला लोक रांगा लावतात, मग घाबरवणारे संगीत का नसावे? हा विचार तिथे सुचल्याचे सांगितले जाते. ‘अर्थ’ नावाचा दुसरा एक बँड निघाल्याने नाव बदलणे भागच होते. १९६९मध्ये ते ‘ब्लॅक सॅबथ’ झाले.

२७/ त्याच नावाचे गाणे तीन स्वरांवर उभे आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर मध्य षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम. बस्स, एवढेच, अतिशय विलंबित. गीझर तालमीत गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ‘मार्स’ ही रचना बासवर वाजवून पाहत असे. युद्धदेवतेवरील त्या रचनेतील हेच अंतर या रिफमागे असल्याचे मानले जाते. म्हणजे सिम्फनीच्या तबकडीवरून ॲस्टनच्या तालमीत, असा त्या तीव्र मध्यमाचा प्रवास.

२८/ इथे एक दंतकथा बाजूला सारायला हवी. षड्ज ते तीव्र मध्यम या अंतराला ‘सैतानाचे स्वरांतर’ म्हणून मध्ययुगीन चर्चने बंदी घातली होती, असे सर्रास सांगितले जाते. गायनरचनेत ते टाळावे असे नियम होते हे खरे, पण वाजवणाऱ्याला शिक्षा करणाऱ्या बंदीचा पुरावा नाही. ‘संगीतातील सैतान’ हा शब्दप्रयोगही लेखी सापडतो तो अठराव्या शतकाच्या आरंभीच्या संगीतशास्त्रात. आणि आपल्या यमनात हाच तीव्र मध्यम किती प्रसन्न लागतो! भय स्वरात नसते, ते त्याच्या शेजारात असते.

२९/ १६ ऑक्टोबर १९६९. लंडनमधील रीजंट साउंड स्टुडिओ. निर्माता रॉजर बेन. पहिला अल्बम जवळजवळ पूर्ण एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला, रंगमंचावर वाजवतात तसाच. त्याच वेळी आयोमीची नेहमीची गिटार बिघडली आणि पर्यायी म्हणून ठेवलेली गिब्सन एसजी त्याने हाती घेतली. पुढे तीच त्याची ओळख ठरली. पावसाचा आणि घंटेचा आवाज नंतर जोडला गेला. काम संपवून मंडळी पुन्हा दौऱ्याला निघाली.

३०/ अल्बम बाजारात आला १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी. पाश्चात्त्य समजुतीप्रमाणे हा अशुभ दिवस. समीक्षकांनी नाके मुरडली. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकातील परीक्षण तर बोचरे होते. पण ब्रिटनच्या विक्रीयादीत तो आठव्या क्रमांकावर पोहोचला. त्याच वर्षी आलेला ‘पॅरानॉइड’ हा दुसरा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. त्याचे शीर्षकगीत अल्बममध्ये थोडी जागा उरली म्हणून ऐन वेळी, घाईत रचलेले होते.

३१/ याच अल्बमचे आधीचे ठरलेले नाव होते ‘वॉर पिग्ज’, त्यातील युद्धविरोधी गाण्यावरून. सैतानपूजक म्हणून ज्यांची निंदा झाली, त्यांचे मोठे गाणे व्हिएतनाम युद्धाच्या काळात गरिबांच्या पोरांना लढायला पाठवणाऱ्या सत्ताधीशांवर आहे. ब्रिटनमधील सक्तीची लष्करभरती १९६०मध्ये थांबली होती, पण ती परत येईल ही भीती गीझरच्या पिढीत शिल्लक होती. बालपणीचा कॅथलिक श्रद्धाविचार आणि कामगारवस्तीचा राग यांचा हा संगम.

३२/ आता मुख्य प्रश्न. कारखान्यांच्या धडधडीतून हेवी मेटल जन्मले, असे वाक्य वारंवार वाचायला मिळते. वाक्य आकर्षक आहे, परंतु अपुरे. धडधड तर मँचेस्टर, शेफील्ड, ग्लासगो इथेही होती. कारखान्याचा आवाज संगीतात आपोआप उतरत नाही. त्याचा परिणाम अधिक ठोस मार्गांनी झाला : कापलेली बोटे, रात्रपाळीच्या पगारावर काढलेले कर्ज, नऊची तालीम, आणि परत त्या फाटकातून आत जायचे नाही ही जिद्द.

३३/ आणि दुसरी बाजू संगीताची. इटालियन घरातील अकॉर्डियन, रोमानी जॅझवादकाची तबकडी, अमेरिकन बिग बँड, कृष्णवर्णीयांचे ब्लूज, लिव्हरपूलचे बीटल्स, इंग्रजी सिम्फनी. ज्या संगीताला पुढे गोऱ्या कामगारांचे ‘अस्सल’ संगीत म्हणून मिरवले गेले, त्याच्या मुळाशी ही सारी स्थलांतरे आहेत. स्थानिक संस्कृती बहुधा अशीच घडते. बाहेरून आलेल्या वस्तूंवर एका गल्लीचे हात फिरतात, आणि ती गल्ली त्यांना आपले वळण देते.

३४/ पुढे बर्मिंगहॅम परिसरातूनच ‘जुडास प्रीस्ट’ आले. त्यांच्या १९८०च्या अल्बमचे नाव ‘ब्रिटिश स्टील’. त्याच सुमारास त्या प्रदेशातील कारखाने भराभर बंद पडत होते. ॲन्सेल्सची भट्टी १९८१मध्ये थंडावली, एचपी सॉसचा कारखाना २००७मध्ये बंद झाला. ज्या जगातून सुटण्यासाठी ही गाणी रचली गेली, ते जगच नाहीसे झाले. गाणी मात्र राहिली.

३५/ शहराने त्यांना आपले म्हणायला बराच वेळ घेतला. बँड १९७९मध्ये ऑझीला काढून टाकून फुटला, पुन्हा जुळला, पुन्हा दुरावला. २०१९मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरील कालव्याच्या पुलाला ब्लॅक सॅबथचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी शहराच्या संग्रहालयात त्यांच्यावरील प्रदर्शन भरले. २०२३मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने त्यांच्या संगीतावर बॅले रंगमंचावर आणला. २०२५च्या जूनमध्ये चौघांना नगराचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला.

३६/ ५ जुलै २०२५. व्हिला पार्क. जिथे एक पोरगा मोटारी राखून पैसे मिळवत असे, त्याच मैदानात वीस वर्षांनी चौघे पुन्हा एकत्र उभे राहिले. एकत्र म्हणजे, तिघे वाजवत होते आणि पार्किन्सनने ग्रासलेला ऑझी आसनावर बसून गात होता. कार्यक्रमाचे उत्पन्न पार्किन्सनवरील संशोधन आणि मुलांची रुग्णसेवा यांसाठी होते. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझीचे निधन झाले. त्याची अंत्ययात्रा त्या पुलावर थांबली आणि हजारो लोक फुले घेऊन उभे होते.

३७/ आयोमीने ६० वर्षांपूर्वी वितळवलेल्या बाटलीतून बनवलेली युक्ती आजही सोडलेली नाही. बोटांवरच्या टोप्या सुधारल्या, चामडे तेच तत्त्व राखून आहे. कोणत्याही बँडचा इतिहास लिहिताना अल्बमांची यादी देणे सोपे असते. त्याआधी एक प्रश्न विचारावा : यांच्या घरी काय वाजत होते, आणि वाद्याचे पैसे कोणी दिले? पुष्कळदा खरा इतिहास त्या उत्तरात सापडतो.

(धागा समाप्त)